दंतमावशीचं मत

दंतमावशी बावन्न वर्षांची आहे, हे फोनवरच्या सिनेमावेड्या ग्रुपमधल्या चारशे पोरींना ठाऊकच नव्हतं. त्यांना वाटायचं, असेल कोणीतरी आपल्याहून दोन-चार वर्षांनी मोठी. रक्त पिणारा देखणा पोरगा आणि कॉलेजातली साधीसुधी मुलगी यांच्या प्रेमाचा पहिला सिनेमा तीन वर्षांपूर्वी आला, आणि मावशीने तो चौदा वेळा पाहिला. मग त्यावर ती ग्रुपात तोंडी मतं रेकॉर्ड करून टाकायला लागली, तर पोरी कोर्टाचा निकाल ऐकावा तशा कान देऊन ऐकायच्या. स्वतःच्या मताबद्दल शंका हा प्रकार मावशीला माहीतच नव्हता म्हणा ना.

पोटापाण्यासाठी ती कवळ्या बनवायची. घराच्या पुढच्या खोलीतच लॅब: फळीवर ओळीने मांडलेले प्लॅस्टरचे जबडे, मेणाची भांडी, छोटी भट्टी, आणि खिडकीशी तिची खुर्ची. पुढच्या दाताचा रंग जुळवायचा असला की दातांचे डॉक्टर पेशंटला सरळ तिच्याकडे धाडत. ती त्याला खिडकीच्या उजेडात उभं करायची, सोळा रंगांच्या दातांची पट्टी ओठांशी धरायची आणि फटकन सांगायची, "हा. कडेला जरा राखाडी." चोवीस वर्षांत तिने दुसऱ्यांदा वळून बघितलं नाही, आणि एक दात परत आला नाही.

पण या वर्षी आला. पुढच्या दाताची एक टोपी दोनदा परत आली. चिठ्ठीत लिहिलेलं, "फार पिवळी." मावशी भडकली. "त्यांच्या दवाखान्यातली ट्यूबच पिवळी आहे, त्याला मी काय करू!" लेकीला ते पटलंही. लेक तिच्याच हाताखाली शिकलेली, घरात या दोघीच, आणि आईचा रंग चुकेल हे लेकीच्या स्वप्नातही आलं नसतं.

आता जे लेकीला माहीत नव्हतं ते सांगतो. दोन महिन्यांपूर्वी धूसर दिसायला लागलं म्हणून मावशी गुपचूप डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आली होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशन लवकर उरकून टाका, असं त्यांनी बजावलं. मावशी म्हणाली, "बघू, लेक गेली की." लेकीला परगावी दोन वर्षांच्या वरच्या कोर्सला प्रवेश मिळाला होता, जायचं आता पंधरा दिवसांवर आलेलं. आईच्या डोळ्याचं कळलं तर ही पोरगी भरलेली बॅग रिकामी करून बसेल, याची मावशीला खात्री होती. म्हणून अळीमिळी गुपचिळी. मोतीबिंदूत रंगसुद्धा दगा देतात, हे मात्र तिच्या गावीही नव्हतं.

अशात दुसरा भाग लागला. पहिल्याच दिवशी, दुपारच्या खेळाला मायलेकी गेल्या. मावशी पुढून तिसऱ्या रांगेत, का तर सुळे नीट दिसायला हवेत. मध्यंतरापर्यंत ती गप्प होती. मध्यंतरानंतर नायक नायिकेला काही न सांगता, तिच्याच भल्यासाठी म्हणून, गाव सोडून चालता झाला. अख्खं थिएटर हुंदके देत होतं. मावशी तेवढी मोठ्यांदा म्हणाली, "मूर्ख!" मागून कोणीतरी शुक् केलं. तिने मागे वळून त्यालाही सुनावलं.

घरी आल्यावर चपला काढायच्या आधी तिने टेबलावर फोन टेकवून उभा केला आणि रेकॉर्डिंग लावलं. लेक समोर गालाला हात लावून बसली. तिला हा तमाशा फार आवडायचा.

"ऐका गं पोरींनो," मावशी सुरू झाली. "सुळ्यांपासून सांगते. पहिल्या भागात सुळा खालच्या दातांच्या फटीत अलगद बसत होता. या खेपेला इतके जाड केलेत, की त्याचं तोंड मिटत नाही. 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' म्हणताना थुंकी उडते हो! दुसरं म्हणजे, तो न सांगता निघून जातो. तिच्या भल्यासाठी म्हणे! अरे शहाण्या, तिला विचारलंस का? तिचं भलं ठरवणारा तू कोण टिकोजीराव? याला मी प्रेम म्हणत नाही, याला मी आगाऊपणा म्हणते. आणि तिसरं, त्याचा रंग. पहिल्या भागात कसा चुन्यासारखा पांढराफटक होता! आता दात पिवळे, तोंड पिवळं. कावीळ झालेला प्रियकर मला चालणार नाही."

लेकीने हात पुढे करून रेकॉर्डिंग बंद केलं.

"अगं, राहिलंय अजून!"

"आई, तो पांढराशुभ्र होता."

"पिवळा होता. माझे डोळे आहेत की नाहीत?"

लेक लॅबमध्ये गेली, रंगांच्या पट्टीतले दोन दात काढून आणले आणि आईपुढे धरले. "यातला पांढरा कुठला?"

"थट्टा करतेस होय? दोन्ही एकच आहेत."

ते एक नव्हते. पट्टीच्या पार दोन टोकांचे होते. लेकीचा चेहरा पाहून मावशीला ते कळलं. मग सगळं बाहेर आलं: डॉक्टर, मोतीबिंदू, दोन महिने, बॅग. "तुझ्या भल्यासाठीच गं," ती शेवटी म्हणाली.

लेकीने फोन उचलला आणि नुकतंच बोललेलं मधूनच लावलं. मावशीचा स्वतःचा खणखणीत आवाज खोलीभर झाला: "अरे शहाण्या, तिला विचारलंस का?"

"विचारलं असतंस," लेक म्हणाली, "तर म्हटलं असतं, दोन महिने हातात आहेत, मी असतानाच दोन्ही डोळे करून घेऊ. सगळं निस्तरून मी खुशाल गेले असते. आता पंधरा दिवसांत एकच होईल. मी जाणारच आहे, आई. पण इतका राग आलाय ना मला!"

तिने तिथेच डोळ्यांच्या दवाखान्यात फोन लावला. गुरुवारी सकाळी नऊ. दुसऱ्या डोळ्याला ती सुट्टी काढून येणार, तोवर थेंब घालायला शेजारच्या काकू. पाच मिनिटांत सगळं ठरलं. एवढं सोपं होतं ते.

मावशीने पायातल्या चपला आत्ता कुठे काढल्या. चारशे पोरी मताची वाट बघत होत्या, त्यांना बघू दे.

"खरं सांगू?" ती म्हणाली. "तू थांबशील म्हणून नव्हते गं लपवत. तेही होतं, पण थोडंसंच. मला भीती वाटते. डोळ्यात काही घालणार, ते आपण जागेपणी बघायचं. दोन महिने नुसतं तुझं नाव पुढे करत होते."

लेकीचा राग कुठल्या कुठे गेला. उभ्या आयुष्यात आईच्या तोंडून 'भीती' हा शब्द तिने ऐकला नव्हता.

मावशीने तिची बाही धरली. "आत येऊ देतात का गं बरोबरच्या माणसाला?"

"विचारते," लेक म्हणाली, आणि तिने पुन्हा फोन लावला.