जनरेटरची रजा

वर्गात तिला सगळे ‘जनरेटर’ म्हणायचे. लाइट गेली तरी ही चालू! आईनं लोकांचे कपडे शिवून शिकवलेली एकुलती एक मुलगी. दमायची चैन तिला परवडणारी नव्हती, आणि लोकांना वाटायचं हिला दमताच येत नाही. वाटायला लोकांचं काय जातंय!

साथ आली आणि मेडिकलच्या शेवटच्या वर्षाच्या पोरांना फोनवर बसवलं. अजून डॉक्टर नाहीत म्हणून वॉर्डात नको, आणि फुकटचे हात म्हणून घरीही सोडायला नको. रोज सकाळी वॉर्डातून यादी यायची, ती बघून नातेवाइकांना कळवायचं, ‘पेशंट स्थिर आहे, नाश्ता झालाय.’ एका बाईला तिनं असंच कळवलं. त्या बाईचा नवरा तासाभरापूर्वीच गेला होता. हातातली यादी आदल्या दिवशीची होती. दुपारी बाईचा फोन आला. “तुझ्या तोंडात किडे पडोत,” एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला. जुनी यादी पाठवणाऱ्याला कुणी ब्र शब्दानं विचारलं नाही. शिव्या खायला ही होतीच की!

तेव्हापासून तिची झोप उडाली. घास तोंडातल्या तोंडात फिरायचा. तिनं रजेचा अर्ज केला, झोप लागत नाही, आठ दिवस आईजवळ जाते म्हणून. फोनवाल्यांच्या ड्यूट्या लावायचे मानसोपचार विभागाचे मोठे सर. हेच सर सभागृहात दीड तास घसा ताणून सांगत होते, ‘मन मोकळं करा, आमची दारं उघडी आहेत.’ उघडी होती, खोटं कशाला बोला! अर्ज त्याच दारातून बाहेर यायचा, लाल शाईत ‘कारण अपुरे’ असा शेरा घेऊन. एकदा नाही, तीनदा. वर कारकुनानं ऐकवलं, “परीक्षेलाही हेच सर आहेत बरं का.” विचारलं होतं कुणी त्याला!

सोमवारी अकरा वाजता चौथा अर्ज घेऊन ती सरांच्या ओपीडीत शिरली. तोंडावर मास्क, त्यावर ते प्लास्टिकचं झाकण. सर खाली मान घालून लिहीत होते.

“बोल. काय केस आहे?”

सरांपुढे उभं राहिलं की केस सांगायची, एवढंच तिला शिकवलेलं. रजेचं बोलायला तोंड उघडलं, आणि बाहेर पडली ती केसच.

“वय तेवीस, अविवाहित, विद्यार्थिनी. तीन आठवडे झोप नाही, जेवण तुटलंय. एका मृत्यूबद्दल स्वतःला दोष देते.”

“घरी कोण?”

“आई. तिला काही सांगितलेलं नाही.”

“जिवाचं बरंवाईट करायचे विचार? का तो प्रश्न विचारायची लाज वाटली?”

“विचारला, सर.”

“मग?”

“येतात. रोज येतात.”

सरांनी पेन आपटलं. “आणि असल्या पेशंटला एकटं सोडून तू इथं पोपटपंची करतेस? अक्कल गहाण टाकलीस का? परीक्षेत असतीस तर इथंच नापास केलं असतं! कुठाय पेशंट?”

“एकटं नाही सोडलं, सर. घेऊनच आलेय.”

तिनं अर्ज टेबलावर ठेवला. सरांनी वरचं नाव वाचलं, मग पहिल्यांदाच मान वर करून तिच्याकडं नीट पाहिलं.

“अगं बाळा,” त्यांचा आवाज एकदम खाली आला, “मग आधी नाही का सांगायचं? बस, बस.”

बाळा म्हणे! तिच्या अंगाचा तिळपापड झाला. ती बसली नाही.

“तीनदा सांगितलं, सर. लेखी. लाल शाई तुमचीच आहे. आता सही करा, आणि आईला फोन तुम्ही लावा. माझ्याच्यानं होणार नाही.”

सरांनी सही केली. फोन जवळ ओढला, अर्जावरचा घरचा नंबर फिरवला. पलीकडं घंटा वाजायला लागली तशी ती म्हणाली,

“काय वाटेल ते सांगा. फक्त ‘स्थिर आहे’ म्हणू नका.”