काचेच्या पुलावरून कोणी चालत नाही

"तुम्ही मोजलंत कुठे?" गेलने विचारलं. ती घोड्याच्या पायाला पट्टी गुंडाळत होती आणि माझ्याकडे बघतही नव्हती.

"काचेच्या पुलावर," मी म्हणाले. "ग्रँडस्टँड आणि कॅसिनोच्या मधल्या."

"त्या पुलावरून कोण जातं?"

"तेच मोजलं. फारसं कोणी जात नाही."

"नाहीच जाणार. तिथून रोज जाणारी मी एकच बाई पाहिली आहे. खांद्याला निळी पिशवी, हातात क्लिपबोर्ड."

निळी पिशवी माझ्या खांद्याला होती. क्लिपबोर्ड हातात होता.

सकाळचे साडेसहा वाजले होते, शुक्रवार होता, आणि माझा ड्राफ्ट रिपोर्ट आदल्याच दिवशी क्लायंटकडे गेला होता. त्या रिपोर्टचा सगळा डोलारा या पुलावरच्या मोजणीवर उभा होता.

मी फीजिबिलिटी कन्सल्टंट आहे. म्हणजे कोणाला काही बांधायचं किंवा बंद करायचं असलं, की ते कितपत शहाणपणाचं आहे हे तपासून लिहून देणारी बाई. पुष्कळदा क्लायंटचं मत आधीच झालेलं असतं आणि त्याला फक्त टेकू हवा असतो. हे वाक्य माझ्या बॉसला आवडणार नाही, पण वीस वर्षांचा अनुभव आहे.

ट्रॅक कुठला ते सांगत नाही, करारात तसं कलम आहे. नेपरव्हिलच्या आमच्या घरापासून गाडीने चार तास, एवढं पुरे. तिथे घोड्यांच्या शर्यती होतात, त्या बघायला ग्रँडस्टँड आहे, आणि त्याच आवारात कॅसिनो आहे. याला इथे 'रेसिनो' म्हणतात. शर्यतींना येणारी माणसं कमी होत गेली, तेव्हा रेसट्रॅक जगावेत म्हणून कॅसिनोला त्यांच्या आवारात परवानगी मिळाली. अट अशी की वर्षात ठरावीक दिवस शर्यती झाल्याच पाहिजेत, आणि स्लॉट मशीनच्या कमाईतला काही हिस्सा शर्यतींच्या बक्षिसांना गेला पाहिजे. पुढे झालं असं, की आधाराला ठेवलेला भाडेकरू घरमालकाला विचारायला लागला, तुम्ही जागा कधी सोडताय?

आमच्या क्लायंटला, म्हणजे कॅसिनोच्या कंपनीला, तेच विचारायचं होतं. कॅसिनोला शर्यतींच्या अटीतून मोकळं करा, असा अर्ज त्यांना राज्याकडे करायचा होता. या धंद्यात याला 'डीकपलिंग' म्हणतात. मंजुरी मिळाली की तबेले पाडायचे आणि तिथे हॉटेल आणि पार्किंग बांधायचं. अर्ज करायचा की नाही, हे त्यांचं बोर्ड पुढच्या शुक्रवारी ठरवणार होतं. माझ्या ड्राफ्टमधलं मुख्य वाक्य होतं: 'शर्यतींना येणारा प्रेक्षक कॅसिनोत जात नाही.' म्हणजे शर्यती गेल्या तरी कॅसिनोचं काही बिघडत नाही.

गेल ही ट्रेनर. साठी ओलांडलेली. तबेला नंबर नऊमध्ये तिचे अकरा घोडे होते आणि सव्वीस वर्षं तिचा दिवस तिथेच सुरू होत होता. हा ट्रॅक बंद झाला तर दुसरा ट्रॅक शेजारच्या राज्यात. तिच्याकडे घोड्यांची देखभाल करणारी चार माणसं होती. त्यांची मुलं इथल्या शाळेत जायची. हे तिने मला रडगाणं म्हणून सांगितलं नाही. मी फॉर्ममधला प्रश्न विचारला, तिने उत्तर दिलं.

खरं तर गेलला मी तीन आठवड्यांपूर्वी भेटायला हवं होतं. माझ्या यादीत चौदाव्या नंबरवर 'ट्रेनर्सच्या मुलाखती' होतं. मी तीन वेळा दुपारी दोनची वेळ दिली, कॉन्फरन्स रूम घेतली, कॉफी मागवली. एकही ट्रेनर आला नाही. ड्राफ्टमध्ये मी लिहून टाकलं, 'ट्रेनर्सकडून प्रतिसाद मिळाला नाही.' यादीतलं काम खूण न करता सोडणं मला जमत नाही, म्हणून ड्राफ्ट पाठवूनही मी शेवटचा प्रयत्न करायला पहाटे आले. ट्रेनर लोकांचं काम पहाटे साडेचारला सुरू होतं आणि दहाला आटोपतं, हे मला गेटवरच्या वॉचमनने सांगितलं. त्यालाही मी पहिल्यांदाच विचारलं होतं.

"मग लोक कॅसिनोत जातात कसे?" मी गेलला विचारलं.

"गाडीने."

"चारशे पावलं आहेत."

"जाताना चारशे. आणि येताना? गाडी तर रेसच्या पार्किंग लॉटमध्ये राहिली. थंडीत, खिसा रिकामा करून, परत चारशे पावलं कोण चालेल? शेवटची रेस संपली की गाडी काढायची, वळसा घालायचा आणि कॅसिनोच्या दारात लावायची. तुम्ही या देशात नवीन आहात का?"

"चोवीस वर्षं झाली."

"अच्छा," ती म्हणाली आणि दुसऱ्या पायाकडे वळली.

हा टोमणा मला लागला, कारण बरोबर होता. मी मूळची सोलापूरची. इथे आले तेव्हा पहिलं वर्षभर घरात एकच गाडी होती आणि ती नवरा न्यायचा. मी दोन मैल चालत दुकानात जायचे. एकदा पोलिसाने गाडी थांबवून विचारलं होतं, मॅडम, सगळं ठीक आहे ना? आज घरात तीन गाड्या आहेत. तरी मी एका टोकाला गाडी लावते आणि फार्मसी, बँक, इंडियन ग्रोसरी असं सगळं यादीप्रमाणे चालत उरकते. मुलगी गाडीत बसून राहते आणि म्हणते, "आई, नोबडी डझ दिस." मोजायची जागा ठरवताना मी दोन इमारती पाहिल्या, मधला पूल पाहिला आणि तिथे माणसं मोजणारी काउंटर यंत्रं लावून मोकळी झाले. माझ्या जागी इथेच वाढलेला कोणी असता, तर त्याने आधी पार्किंग लॉटकडे पाहिलं असतं.

गाडीत बसून नीलला फोन केला. नील आमच्या फर्मचा पार्टनर, माझा बॉस. इथेच जन्मलेला. त्याची आई आमच्या महाराष्ट्र मंडळातली, त्यामुळे तो शाळेत असल्यापासून मी त्याला पाहते आहे. ऑफिसमध्ये मी 'सुनीता', गणपतीत 'सुनीता काकू'. ऑफिसात काकू म्हणाला की समजायचं, त्याला काहीतरी जड जातंय.

"नील, पुलावरचा आकडा चुकीचा आहे."

"काउंटर खराब होते?"

"काउंटर उत्तम आहेत. जागा चुकली. लोक गाडीने जातात."

"ड्राफ्ट गेलाय, काकू."

"माहीत आहे. मीच पाठवला."

"आणि त्यांना तो आवडलाय. ब्रॅडचा काल मेल आला. व्हेरी क्लिअर, म्हणतोय." ब्रॅड म्हणजे कॅसिनोचा जनरल मॅनेजर.

"क्लिअर आहेच. चुकीचा आहे."

"पुलावरून काही लोक तर गेले ना?"

"दिवसाला तीस-चाळीस. त्यातल्या सहा-सात फेऱ्या माझ्या."

नील हसला, मग हसणं थांबवलं. "तुम्हाला काय हवंय?"

"तीन रेसचे दिवस. शनिवार, रविवार, बुधवार. आणि पिवळा कागद."

कल्पना साधी होती. रेसच्या दिवशी ग्रँडस्टँडच्या लॉटमध्ये शिरताना प्रत्येक गाडीला डॅशबोर्डवर ठेवायला एक पांढरा कागदी पास देतात. तो आम्ही पिवळ्या कागदावर छापायचा. मग मी कॅसिनोच्या लॉटमध्ये हिंडून पिवळा पास असलेल्या गाड्या मोजायच्या. कोणाला काही विचारायला नको, कोणाचं नाव नको, नंबर प्लेट नको.

ब्रॅडची परवानगी लागणार होती. त्याच्या ऑफिसात गेले आणि चूक सरळ सांगितली. गोल गोल बोललं की अशा बातमीचा वास आधी येतो.

"म्हणजे तुमचा रिपोर्ट मागे घेताय?" त्याने विचारलं.

"एक वाक्य मागे घेतेय. त्याच्यावर बाकीचा रिपोर्ट उभा आहे."

"आणि मोजून परत तेच निघालं तर?"

"तर तेच लिहीन. तुम्हाला जास्त भक्कम रिपोर्ट मिळेल. आज तो राज्यासमोर ठेवलात, तर गेलसारखं कोणीही एका प्रश्नात पाडेल."

हे त्याला पटलं. ब्रॅड वाईट माणूस नव्हता. त्याच्या डोक्यात हॉटेल पक्कं होतं, एवढंच. "कागदाचा खर्च तुमचा," तो म्हणाला.

शनिवारी एप्रिलचा वारा होता. स्वेटर, त्यावर जॅकेट, कानटोपी, हातात गाड्या मोजायचा क्लिकर. दर तासाला लॉटची एक फेरी. पहिल्या दोन फेऱ्यांत जवळजवळ काही नाही, कारण रेस चालू होत्या. शेवटची रेस संपली आणि गाड्या यायला लागल्या. वळसा घालून, एकामागून एक. अर्ध्या तासात प्रत्येक ओळीत पिवळे पास दिसायला लागले. माझ्या समोर एक म्हातारं जोडपं उतरलं. बाईने रेसचा कार्यक्रम घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि नवऱ्याला म्हणाली, "तू हरलास, आता मला खेळू दे." ते आत गेले. मी क्लिकर दाबला.

रविवारीही तसंच. साधारण दर चार-पाच गाड्यांत एक पिवळ्या पासची.

बुधवारी मात्र लॉट नेहमीसारखा भरलेला होता आणि पिवळ्या गाड्या बोटांवर मोजण्याइतक्या. शेवटची रेस संपल्यावरही. बुधवारी ग्रँडस्टँडमध्ये होतेच थोडे लोक, आणि ते थेट घरी गेले. मी दोन फेऱ्या जास्त मारल्या. फरक पडला नाही.

लॉटच्या कडेला गेल उभी होती. तिचा घोडा त्या दिवशी धावला होता.

"आज पिवळं काही नाही," ती म्हणाली.

"नाही."

"हेही लिहिणार?"

"लिहावं लागेल."

तिने गाड्यांच्या ओळीकडे हात केला. "म्हणजे शनिवार लिहिलात म्हणून तुमचे आभार मानायचे, की बुधवार लिहिलात म्हणून भांडायचं?"

मी क्लिकर खिशात टाकला. माझ्या यादीत हा प्रश्न नव्हता.

गुरुवारी रिपोर्टचा तो भाग नव्याने लिहिला. चुकीची मोजणी काढून टाकली नाही. ती कुठे केली, का चुकली, हे एका परिच्छेदात लिहिलं. नीलने तो परिच्छेद दोनदा वाचला. "हा ठेवायलाच पाहिजे का, काकू?" मी म्हटलं, ठेवायला पाहिजे. त्याने ठेवला.

शुक्रवारी बोर्डासमोर मी बारा मिनिटं बोलले. सार एवढंच: शनिवार-रविवारच्या शर्यती कॅसिनोकडे माणसं आणतात. मधल्या दिवसांच्या आणत नाहीत. शर्यती पूर्ण बंद केल्या तर शनिवार-रविवारची ही गर्दी जाईल. तेव्हा अटीतून सुटका मागण्याऐवजी शर्यतींचे दिवस कमी करायची परवानगी मागा.

बोर्डाच्या अध्यक्षबाईंनी योग्य प्रश्न विचारला. "ही माणसं शर्यती नसत्या तरी कॅसिनोत आलीच असती, कशावरून नाही?"

"ते ब्रॅड सांगू शकतील," मी म्हणाले. "शर्यती नसलेल्या महिन्यांत शनिवारी संध्याकाळी लॉट इतका भरतो का?"

सगळ्यांनी ब्रॅडकडे पाहिलं. त्याने पेनाचं टोपण लावलं, काढलं. "नाही," तो म्हणाला. "हिवाळ्यात मागची बाजू रिकामी असते. आम्ही थंडीमुळे समजत होतो."

तो गप्प बसू शकला असता. नाही बसला.

बोर्डाने डीकपलिंगचा अर्ज बाजूला ठेवला. दिवस कमी करायचा अर्ज गेला आणि मंजूर झाला. शर्यती आता फक्त शनिवार-रविवारी होतात. तबेल्यांची एक रांग पाडून तिथे पार्किंग झालं. नऊ नंबर उभा आहे. गेलकडे अकराऐवजी सात घोडे आहेत आणि चारांपैकी दोन माणसं. बाकीची दोघं शेजारच्या राज्यात गेली. म्हणजे मी काही वाचवलं आणि काही नाही वाचवलं. पुढच्या दहा वर्षांचं मला सांगता येणार नाही. तरुण मंडळी सोफ्यावर बसून फोनवर बेट लावतात, त्यांना ग्रँडस्टँड नको आणि कॅसिनोही नको. त्याची मोजणी कुठे उभं राहून करायची हे अजून माझ्या लक्षात आलेलं नाही.

गेल्या महिन्यात फॉलोअपसाठी पुन्हा तिथे गेले. या वेळी पहाटे साडेपाचला. गेलने मला पाहिलं आणि घोड्याच्या मानेवर थाप मारत म्हणाली, "आज काय रंग?"

"आज फक्त कॉफी."

कॉफी घेऊन झाल्यावर कॅसिनोच्या ऑफिसात जायचं होतं. पुलावरची यंत्रं काढायचं काम कोणाच्याच यादीत नव्हतं, त्यामुळे ती अजून चालू आहेत. मी पुलावरून चालतच गेले. काम आटोपून परतही चालतच आले, कारण गाडी तबेल्यापाशी होती.

आता कुठल्याही कामाच्या यादीत माझी पहिली ओळ ठरलेली असते: 'आधी पार्किंग लॉटमध्ये उभं राहा.' दुसरी ओळ: 'जे पहाटे कामावर येतात त्यांना पहाटे भेटा.' आणि आकडे काढायला बसले की एकूण बेरजेतून स्वतःला वजा करते. त्या दिवशी पुलावर दोन जण गेल्याची नोंद असेल. दोन्ही वेळा मीच.