दादाच्या मशीनवर

पंक्चरवाल्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत कॉम्प्युटरचे खेळ बनवणारी एक कंपनी होती. माणसं तीन. एक मालक. त्यांना सगळे मागून ‘टक्केवारी’ म्हणत, कारण चहा कसा झालाय विचारलं तरी ते “सत्तर टक्के बरा” असंच सांगत. दुसरा चित्रकार, जो चित्रांपेक्षा सुस्कारे जास्त टाकी. आणि तिसरी ताई. सगळा कोड तिच्या गळ्यात.

दर सोमवारी तोच तमाशा.

“ताई, लिनक्स सिस्टिमवर आपलं गिऱ्हाईक किती? दोन टक्के! तक्रारी? निम्म्या त्यांच्याच! चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!”

“अहो, त्यातल्या बऱ्याच तक्रारी सगळीकडच्याच असतात. ही माणसं नीट सांगतात तरी. बाकीचे नुसत्या शिव्या घालतात.”

“हाऽऽश,” चित्रकार मध्येच. “मध्ये दुभाष्यासारखा थर टाकून दुसऱ्या सिस्टिमचा खेळ तिथं चालतोच की. वेगळी आवृत्ती म्हणजे हौस.”

“हौस नाही,” ताई म्हणे, आणि पुढचं गिळून टाकी.

पुढचं म्हणजे तिचा दादा. ताईला कोड शिकवला तो त्यानेच. त्याच्या मशीनवर लिनक्सशिवाय काही नसे. जिचा कोड कुणीही उघडून वाचावा, बदलावा, अशी ती सिस्टिम. बाकीच्या सिस्टिमच्या वाटेला तो जात नसे. ताईने ही नोकरी धरली तेव्हा तो म्हणाला, “कुलूप लावून विकायचा कोड लिहिणार तू?” ती म्हणाली, “मग पोट काय तुझ्या तत्त्वांवर भरू?” झालं. दादा दुसऱ्या गावी गेला, आणि त्याचा फोन यायचा तो फक्त आईला.

ताईला वाटे, खेळ दादाच्या सिस्टिमवर काढला की अर्धी वाट आपण चाललो. उरलेली तो चालेल. खेळेल, नाक मुरडेल, तक्रार लिहील. म्हणून ती एकूण एक तक्रार वाची. एकाचं ‘आदरणीय विकासक महोदय’, दुसऱ्याचं ‘ओ, आवाज कुठंय?’ दादाचा सूर कुठेच नाही.

शेवटी एका सोमवारी टक्केवारींनी शंभर टक्के निर्णय दिला: लिनक्सची आवृत्ती बंद. जिना उतरून ताईने रस्त्यावरूनच दादाला फोन लावला.

“कोण?”

“मी.”

“हं. आई बरी आहे ना?”

“बरी आहे. दादा, माझा खेळ लिनक्सवर होता. आता बंद होतोय. खेळलास का रे?”

“नाही.”

“एकदाही?”

“अगं, त्याचा कोड उघडा आहे का?”

ताईने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“नाही ना? मग आत काय चाललंय ते मला कसं कळणार? असलं काही मी मशीनवर टाकत नाही. तुला माहीत नाही?”

माहीत होतं. पण लिनक्सवर खेळ आला म्हणजे तो दादापर्यंत पोचला, असं तिने परस्पर ठरवून टाकलं होतं.

“मालकांना सांग, कोड खुला करा. आज खेळतो.”

“ते म्हणतील, मग विकू काय, दात?”

दादा हसला. थोडंसंच, पण तेवढ्यासाठी ताई फोन कानात खुपसून उभी राहिली.

“बरं, ठेवतो. आईला सांग—”

“थांब ना! मी सांगते खेळ, तू खेळ. किनारा आहे. समोर दीपगृह, दार लोटलेलं. डावीकडे होडी. काय करतोस?”

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

“होडीत काय आहे?” दादाने विचारलं.

होडीत काहीच नव्हतं. चित्रकाराने नुसतीच होडी काढली होती. पण तसं म्हटलं तर दादा सरळ दारातून आत जाईल, वर चढेल, आणि खेळ संपेल.

“वल्ही आहेत,” ताई म्हणाली. “आणि एक पेटी.”

“पेटीत काय आहे?”

“सांगते,” ती म्हणाली, आणि भराभर विचार करायला लागली.