सीटच्या मागचं इंजिन

१९ नोव्हेंबर. रक्कम बासष्ट लाख रुपये. हजर: मी, माझा धाकटा भाऊ, पुण्याहून आलेला गाड्यांचा दलाल आणि ट्रकचा ड्रायव्हर. केजमध्ये माझ्या खत-बियाण्यांच्या दुकानासमोर, दुपारी साडेबारा वाजता, ती पिवळी इटालियन गाडी ट्रकवरून खाली उतरली. चौदा वर्षं जुनी, दोन सीटची, उंचीला माझ्या कमरेएवढी. दलालाने चालू केली तेव्हा दुकानाच्या शटरला हादरे बसले.

भावाची दोन जेसीबी आणि चार टिप्पर होते. चाळीस लाख त्याने घातले. उरलेल्या बावीस लाखांचं कर्ज माझ्या नावावर निघालं, कारण आयकराचे रिटर्न वर्षानुवर्षं नीट भरलेले माझेच होते. त्यामुळे गाडीची कागदपत्रं, विमा, सर्व्हिसचं कार्ड, सगळीकडे माझं नाव लागलं.

“नाव तुझं, गाडी माझी,” भाऊ म्हणाला. “हाय का न्हाई सोपं, दादा?”

पैसे तो द्यायचा. भरणं, पावत्या आणि सह्या माझ्याकडे.

पहिल्याच आठवड्यात कळलं की तिला साधं पेट्रोल चालत नाही. चांगलं पेट्रोल मिळायचं बीडला, म्हणजे येऊन-जाऊन एकशे दहा किलोमीटर. गाडी लिटरला चार किलोमीटर द्यायची. टाकीत ऐंशी लिटर मावायचं, त्यातलं साडेसत्तावीस लिटर पेट्रोल आणण्यातच जायचं. मी हे भावाला कागदावर करून दाखवलं. तो बराच वेळ हसला, मग तो कागद खिशात घालून मित्रांना दाखवायला घेऊन गेला.

दुसरी अडचण स्पीडब्रेकरची. गाडीच्या पुढच्या बंपरचा खालचा ओठ जमिनीपासून चार बोटं वर. बसस्टँडच्या पहिल्याच ब्रेकरवर तो फुटला, बहात्तर हजार. तेव्हापासून गाडी बाहेर निघाली की मी माझ्या जुन्या जीपमध्ये सागवानी दोन फळ्या घेऊन पुढे असायचो. ब्रेकर आला की उतरायचं, फळ्या उतरत्या लावायच्या, गाडी वरून गेली की उचलायच्या. चहाच्या टपरीवरून एकाने एकदा ओरडून विचारलं, “भाऊसाहेब, गाडीला पाट मांडताव का? जेवायला बसवायचीय?” सगळी टपरी हसली. मीही हसलो, आणि दुसरी फळी सरळ केली.

मग लग्नं सुरू झाली. आमच्याकडे एकाच्या दारात अशी वस्तू आली की ती एकट्याची राहत नाही. ज्याच्या घरी लग्न, तो हक्काने मागायला येतो, आणि नाही म्हणायची पद्धत नाही. भाडं घ्यायचा तर प्रश्नच नव्हता. डिसेंबरात एका वरातीत गाडी साडेतीन तास माणसांच्या पावलाने चालली. ताशी तीनशे किलोमीटरसाठी केलेलं यंत्र डीजेच्या मागे रांगत होतं. शेवटी शेवटी जळकट वास आला आणि गाडी जागीच उभी राहिली. क्लच गेला होता. ट्रकने पुण्याला नेणं-आणणं छत्तीस हजार, क्लच चार लाख पस्तीस हजार. विमा एक लाख शेहेचाळीस हजार आणि बॅटरी अडतीस हजार आधीच झाले होते. ओठासकट तीन महिन्यांचा हिशेब सात लाख सत्तावीस हजार.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात गाडी आणायला मी एकटाच पुण्याला गेलो. सर्व्हिस सेंटरमधल्या माणसाने मला गाडीच्या मागच्या बाजूला नेलं, झाकण उचललं आणि बॅटरीच्या उजेडात आतले काळे पाइप दाखवले.

“हे पेट्रोलचे पाइप. उष्णतेने कडक झालेत. हात लावून बघा.”

मी लावला. वाळलेल्या शेंगेसारखे लागले.

“गळतायत का?”

“आज नाही. पण साहेब, हिचं इंजिन सीटच्या मागे आहे. मागे गळायला लागलं तर चालवणाऱ्याला दिसत नाही. आधी फक्त वास येतो.”

“किती?”

“मजुरीसकट एक लाख शहाऐंशी हजार पाचशे. पाइप बाहेरून यायला महिना लागेल.”

मी म्हणालो, पुढच्या वेळी बघू. त्याने कार्डावर तसं लिहिलं आणि खाली माझी सही घेतली. भावाने विचारलं तेव्हा मी ‘सगळं ठीक आहे’ एवढंच सांगितलं. त्याला कळलं असतं तर त्याने तिथल्या तिथे पैसे दिले असते. पैसे त्याचे होते. वाचवले मी.

एप्रिलमध्ये शेडचं दार उघडलं की वास येऊ लागला. मी शेडच्या दोन्ही खिडक्या उघड्या ठेवायला लागलो. भाऊ म्हणाला, टाकीचं झाकण सैल असेल. मी ते घट्ट करून आलो. गाडी तेव्हा उभीच असायची. उभ्या गाडीला काय होतंय, असं मी स्वतःला रोज सांगायचो.

मे महिन्याच्या दोन तारखेला उमापूरला लग्न होतं. भावाचे चारही टिप्पर ज्या पुढाऱ्याच्या शब्दावर चालायचे, त्याचा भाचा नवरदेव. मी आदल्या दिवशी म्हणालो, “नको नेऊस. लांब आहे.” भाऊ म्हणाला, “दादा, त्यांनी मागितली अन् न्हाई म्हणू? उद्यापासून टिप्पर दारात उभे राहतील.” पाइपांबद्दल तेव्हाही माझ्या तोंडून निघालं नाही. मी जीपमध्ये फळ्या टाकल्या, आणि सोबत आग विझवायचं लाल नळकांडं शोधलं. दुकानातल्या त्या नळकांड्याची मुदत संपून दोन वर्षं झाली होती. तरी घेतलं.

संध्याकाळी पाचला नवरदेव मारुतीच्या पाया पडून गाडीत बसला. भाऊ चालवायला. मांडव अर्धा किलोमीटरवर. पुढे डीजे, त्याच्या मागे नाचणारे, आणि दर वीस पावलांवर रस्त्यावर पसरलेली फटाक्यांची लड. मी गाडीच्या मागून चालत होतो. फटाक्यांच्या धुरात पेट्रोलचा वास वेगळा कळत होता. मी खाली बघितलं. फुफाट्यावर बोटाएवढी ओली रेघ होती, आणि ती गाडीबरोबर पुढे सरकत होती.

मी धावत खिडकीशी गेलो. “गाडी बंद कर. नवरदेवाला उतरव.”

पुढारी, म्हणजे नवरदेवाचे मामा, शेजारीच चालत होते. “ओ भाऊसाहेब, कावून उतरवायचं? वरातीतून नवरदेव उतरवीत असतेत का?”

“पेट्रोल गळतंय, मामा.”

“गळू द्या की चार लिटर. देतो पैसे. मामाच्या पदरचं!”

भोवतालचे हसले. पुढे एकजण नवी लड पसरत होता. मग मी भावाकडे बघून सांगितलं, “पाइप खराब आहेत. मला फेब्रुवारीपासून माहीत आहे.”

भावाने गाडी बंद केली. “तर मला कावून न्हाई सांगितलंस?”

मी पाइपांची रक्कम सांगितली.

त्याने नवरदेवाचा हात धरून त्याला बाहेर काढलं. मामांनी शिवी दिली. लड लावणाऱ्याला मी हाताने मागे लोटलं. गाडी ढकलून न्यावी म्हटलं, पण ती बंद झाली की गिअरमध्येच अडकून राहायची. हलवायची तर चालू करावीच लागे. बाजूला कपाशीचं मोकळं रान होतं. रस्त्यावर तीनशे माणसं. भाऊ म्हणाला, “सगळे मागं सरका बे,” आणि आत बसला. त्याला अडवायला माझ्याकडे दोन-तीन सेकंद होते. मी दाराला हात लावला, पण धरलं नाही.

गाडी रानात पन्नास-साठ फूट गेली. तो सुखरूप उतरला. मला वाटलं, झालं. मागच्या फटींतून बारीक धूर येत होता. तो माती टाकायला म्हणून मागे गेला आणि दोन्ही हातांनी झाकण उचललं. आतून भडका उडाला.

मी जीपमधून धावत आणलेल्या लाल नळकांड्यातून थोडी पांढरी भुकटी आली आणि थांबली. लग्नाच्या पाण्याचा टँकर दहा मिनिटांनी पोचला. डीजे तेवढा वेळ बंद होता. नवरदेव मांडवात चालत गेला.

भाऊ संभाजीनगरच्या दवाखान्यात सव्वीस दिवस होता. दोन्ही हात आणि हनुवटी. मांडीची कातडी काढून हातांवर लावली. चार लाख ऐंशी हजारांचं बिल मी माझ्या ठेवी मोडून भरलं. विमा कंपनीने सर्व्हिसचं कार्ड मागवलं, माझी सही बघितली आणि दावा नाकारला. टिप्परांचं काम महिन्याभरात दुसऱ्याकडे गेलं. भावाने ‘कावून’ पुन्हा कधी विचारलं नाही. मी रोज वाट बघायचो की आज विचारेल.

पुढे बीडला, भाजलेल्या हातांचा व्यायाम घेणाऱ्या एका बाईंकडे मी त्याला नेत होतो. एका वेळचे चारशे, अठ्ठावन्न वेळा. शेवटच्या दिवशी त्याने स्टीलचा पेला उचलून तोंडाला लावला आणि खाली ठेवला. थोडं पाणी शर्टावर सांडलं. उजव्या हाताची शेवटची दोन बोटं आता एवढीच वळतील, असं बाईंनी त्याला सांगितलं. तो बरं म्हणाला. सत्तावन्न वेळांचे बावीस हजार आठशे आधीच दिलेले होते. त्या दिवसाचे चारशे मी बाईंच्या हातात दिले.