पिलं किती ठेवली? : रावेर ते शिंदखेडा, जानेवारीतले पाच दिवस

खरं सांगायचं तर मी खानदेशात भरीत खायला गेले होते. केळीचं सर्वेक्षण हे निमित्त. एका छोट्या अभ्यासगटाला केळीच्या शेतीतला 'न दिसणारा खर्च' शोधायचा होता, प्रश्न विचारत हिंडणारं कुणीतरी हवं होतं आणि मला पुण्यात बसून कंटाळा आला होता. मानधन यथातथाच आहे, हे त्यांनी चाचरत सांगितलं. मी म्हटलं, जानेवारीत तिकडे वांगी भाजतात ना? मग ठरलं. घरच्यांनी कपाळावर हात मारला आणि मी बॅग भरली. एकतीस प्रश्नांचे फॉर्म, दोन स्वेटर आणि खोडाचा घेर मोजायला शिंप्याकडची मोजपट्टी.

खानदेश म्हणजे ऊन असं डोक्यात ठेवून जाणार असाल तर कानटोपी नक्की विसराल, मी विसरले. जळगाव स्टेशनबाहेर सकाळी रिक्षावाले शेकोटीभोवती उभे होते आणि एकालाही गिऱ्हाईक नको होतं. शेवटी एकाने हात शेकून झाल्यावर मला बसस्थानकावर सोडलं. तिथून भुसावळ, सावदा करत रावेरकडे एसटीने अडीच-तीन तास लागतात. तापी ओलांडली की केळी सुरू होते आणि मग संपतच नाही. दोन्ही बाजूंना हिरव्या भिंती, मधून रस्ता. रस्ता कुठे झकास, कुठे असा की शेजारच्या बाईंच्या डब्यातली चटणी माझ्या मांडीवर आली. मुक्कामाला सावद्यात साधा लॉज मिळतो, आठ-नऊशेत, गरम पाणी बादलीने. फार अपेक्षा ठेवू नका, झोप मात्र छान लागते.

पहिले दोन दिवस मी भागवतनानांच्या बागेत होते. नाना साठीचे, सहा फुटी, डोक्याला मफलर गुंडाळलेला. माझा फॉर्म त्यांनी हातात घेतला, चष्मा लावून उलटसुलट वाचला आणि परत दिला.

"ताई, खत, रोपं, ठिबक, हे तर समद्यायले दिसतं. तुमाले न दिसनारा पाह्यजे ना? मंग वारं लिहा."

"वारं?"

"वैशाखात वारं सुटलं का मी डोया मिटत नाही. उभी बाग आडवी व्हते एका घंट्यात. चाळीस वर्सं झाली, वैशाखात मी झोपलो नाही. लिहा."

त्याला रकाना नव्हता. मी समासात लिहिलं. मग नानी चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, दहा मजुरांचा चहा पहाटे मी करते, तो कुणी धरलाय का हिशोबात? तेही समासात गेलं. माल घेणारा घडाच्या दांड्याचं वजन वजा करतो, थंडीने पानं पिवळी पडली की फवारणी वाढते, रोगट झाडं उपटून जाळावी लागतात. दुपारपर्यंत माझे समास भरले आणि रकाने रिकामे राहिले. प्रश्न तयार करणाऱ्यांनी केळीची बाग फोटोत पाहिली असावी, असा मला दाट संशय आहे.

केळीबद्दल एक गोष्ट नानांनी शिकवली ती इथे सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. केळीचं झाड एकदाच घड देतं. पण त्याच्या बुडाशी पिलं फुटतात, पाच-सहा, कधी जास्त. त्यातलं एक जोमदार पिलू ठेवायचं, बाकीची विळ्याने कापायची, नाहीतर सगळीच खुरटतात. घड उतरला की त्या ठेवलेल्या पिलाची बाग वाढते, तिला पिलबाग म्हणतात. म्हणून शेतकऱ्याच्या फॉर्मवर चौदावा प्रश्न होता : पिलं किती ठेवली? आणि लगेच पुढे : बाकीच्यांचं काय केलं?

दुसऱ्या दिवशी बांधावर तुरीच्या काड्या पेटवून हिरवी लांबोळकी वांगी भाजली, लाकडी बडगीत मिरची-लसणीसोबत ठेचली आणि कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीबरोबर मी इतकं खाल्लं की नानी म्हणाल्या, ह्या बाईचा खर्च कोणत्या रकान्यात? हंगाम डिसेंबर-जानेवारीचा. शेतावर बोलावणारं कुणी भेटलं तर बाकीचे बेत खुशाल मोडा.

तिसऱ्या दिवशी मजुरांचे फॉर्म भरायचे होते. मजुरांचे पिवळे, शेतकऱ्यांचे पांढरे. बागेत शिरलं की वर पानांचं छत, खाली ओल आणि हिरवट अंधार. बाया वाकून पिलं कापत होत्या. सगळ्यांच्या अंगात जुने शर्ट, त्यांवर चिकाचे काळपट तपकिरी डाग. केळीचा चीक कपड्यावर पडला की जन्मात निघत नाही, त्यामुळे बागेचे कपडे वेगळेच असतात आणि दरवर्षी बदलावे लागतात. हा खर्च मात्र मी मोठ्या रुबाबात रकान्यात लिहिला.

ओळीच्या टोकाला सुनंदा होती. तिशीची, सडपातळ, विळा चालवताना बोलणारी. नवरा नानांकडे सालदार. म्हणजे वर्षाच्या कराराने राहिलेला गडी. इकडे सालदाराचं वर्ष आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला सुरू होतं आणि पुढच्या आखाजीला संपतं. दोघं शिंदखेड्याकडचे, कोरडवाहू मुलुखातले. बागेच्या कडेला पत्र्याच्या खोलीत राहतात.

हात ओले, उजेड कमी, चष्मा कपाळावर. मी पिवळ्याऐवजी पांढरा फॉर्म काढला आणि माझ्या लक्षातही आलं नाही.

"पिलं किती ठेवली?" मी विचारलं.

सुनंदाचा विळा थांबला. "एक," ती म्हणाली.

"आणि बाकीच्यांचं काय केलं?"

"दुसरी गावले शे. मनी बहीन जोडे."

मी 'गावाला' असं लिहूनही टाकलं होतं. मग पेन थांबलं. शेजारच्या दोघी आधी खळखळून हसल्या, मग त्यांनी सुनंदाकडे पाहिलं आणि हसणं तिथेच सोडून पुढच्या झाडाकडे सरकल्या. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. मी घाईघाईने समजावू लागले की हा प्रश्न केळीचा, चुकून, फॉर्म दुसराच. तीही ओशाळली, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "मले वाटनं, तुमी पोरेसनंच पुसतस."

मी पोरांचंच विचारतेय, असं तिला वाटलं होतं. मग ती बांधावर बसली आणि मी फॉर्म बॅगेत ठेवला. मुलगी मनीषा, अकरा वर्षांची, गावी मावशीकडे. मुलगा अंगावर पिणारा, म्हणून तो बरोबर, आमच्यासमोर ओळीतून दुडुदुडु पळत होता. गेल्या आखाजीला निघताना मनीषाने स्वतःची पिशवी भरून ठेवली होती. तिला ती तिथेच उतरवायला लावली, शाळा होती म्हणून. दिवाळीत दोघं दोन दिवस जाऊन आले. तेव्हापासून मनीषा फोनवर येत नाही.

"मग मध्ये एखादा रविवार जाऊन ये ना," मी म्हटलं. शहाणपणा सांगायला माझं काय जातंय!

"नानांनी रोखलंय का?" तेही विचारलं.

"नानानं काय नाव नही. जाय म्हनस तो." सुनंदा विळ्याच्या टोकाने माती उकरत होती. "पन दिवाळीले दोन दिन ऱ्हायनू, मंग ती आठ दिन धड जेवनी नही. बहीन रडी फोनवर. आते आखाजीलेच जासू."

आखाजी म्हणजे अजून तीन-चार महिने. आखाजीला खानदेशात सासरच्या लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात. इथे आईच लेकीकडे जायचे दिवस मोजत होती.

माझ्या पुढच्या प्रवासात शिरपूर आहे आणि शिंदखेडा त्याच्या शेजारीच, हे बोलण्यात निघालं. सुनंदा एकदम सरळ बसली. रावेरच्या बाजारातून मनीषाला ड्रेस घ्यायचा होता, पण दिवाळीचा घोट्याच्या वर आला होता, आता केवढा घ्यायचा ते कळेना.

"ताई, तिनं माप लईसन सांगशात का? कितली मोठी व्हयनी ती, इतलंच."

मी हो म्हटलं. सर्वेक्षणात असं करू नये म्हणतात, माणसांत गुंतू नये वगैरे. म्हणू देत.

चौथा दिवस निव्वळ प्रवासाचा. जळगावहून धुळ्याचा महामार्ग आता चौपदरी, गाडी नुसती पळते. पारोळ्याला उतरले, किल्ल्याचा खंदक पाहिला आणि समोरच्या खाणावळीत शेवभाजी मागवली. मालकाने 'तिखट चालेल ना?' असं विचारलं. मी उगाच हो म्हटलं. पुढचा अर्धा तास मी फक्त पाणी पीत होते आणि मालक काळजीने ताक आणून देत होता. ताकाचे पैसे त्याने घेतले नाहीत. संध्याकाळी धुळ्यात मुक्काम, सकाळी शिरपूरला जाऊन तीन बागा, अकरा फॉर्म. काम नीट झालं, पण माझं लक्ष कामात नव्हतं, हे कबूल करते.

दुपारी शिंदखेड्याची गाडी धरली. तापीच्या अलीकडे एवढं हिरवं आणि पलीकडे थोड्याच अंतरावर कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या, कोरडे नाले, लांबवर एखादी निंबाची सावली. एसटीने फाट्यावर सोडलं, तिथून दोन किलोमीटर पायी. पाणी जवळ ठेवा, फाट्यावर दुकान नाही.

मनीषा ओट्यावर बसून शाळेचा दप्तरपट्टा शिवत होती. लताबाई, म्हणजे तिची मावशी, मला पाणी देतादेताच सांगायला लागली, "फोन वाजना का ही मांगलदारे पळी जास. कितलं समजाडं, ऐकसच नही." मांगलदार म्हणजे मागचं दार. मनीषाने मान वर केली नाही, फक्त दोरा दाताने तोडला.

"तुमी मनी मायकडथून उन्यात?" तिने विचारलं.

मी हो म्हटलं. तुझं माप हवंय तिला, ड्रेससाठी. पोरगी चटकन उठली. भिंतीला पाठ लावून, टाचा जुळवून, हनुवटी वर करून उभी राहिली. कुणीतरी हे विचारावं म्हणून तयारच असल्यासारखी. मी बॅगेतून मोजपट्टी काढली, तिच्या टाचेशी धरली आणि वर नेऊ लागले. खांद्यापर्यंत पोचले असेन, तेवढ्यात ती बाजूला झाली.

"मायले सांगा," ती म्हणाली, "माप लेवानं व्हई ते आठे ये."

आठे म्हणजे इथे. लताबाई रागावली. मी पट्टी गुंडाळली. मनीषा परत ओट्यावर बसली, सुईत दोरा ओवायला लागली. तो काही केल्या जाईना. मी निघाले तेव्हा फाट्याच्या वाटेवर थोडं अंतर ती मागे आली.

"भाऊ चालाले लागना का?"

"लागला," मी म्हटलं. "बागेत पळतो."

तिने मान हलवली आणि वळून गेली.

पुण्याला परतल्यावर फॉर्म संगणकात भरायला दोन दिवस लागले. समासातलं कुठे टाकायचं, हे अभ्यासगटाला विचारलं. ते म्हणाले, 'इतर' मध्ये टाका. तिथे साठ अक्षरं मावतात. वारं, पहाटेचा चहा, दांड्याचं वजन, सगळं कोंबून बसवलं. मनीषा बसली नाही. तुम्ही म्हणाल, केळीच्या खर्चात ती धरायचीच कशाला? मलाही नक्की सांगता येत नाही. एवढं मात्र खरं की कोपऱ्यावरच्या गाडीवर मी केळी घेते तेव्हा भाव करायला जीभ उचलत नाही. माझी लेक बंगळूरला असते. तिचा फोन रोज येतो आणि रोज मी कामात असल्याचा आव आणते. आल्यापासून ते बंद केलंय. तिला वाटतंय मी आजारी आहे. तिकडची माती, ती थंड हिरवी ओल, नानींची हाक, सगळं फार आठवतं, जावंसं वाटतं, आणि जाऊन करणार काय हेही कळत नाही.

सुनंदाला रविवारी दुपारी फोन करायचं ठरलं होतं. पहिल्या घंटीलाच तिने उचलला.

"माप भेटनं का, ताई?"

मी सांगितलं, नाही. माझ्या खांद्याला लागते एवढं अंदाजाने कळलं, पण पट्टी लावू दिली नाही. मग मनीषाचा निरोपही सांगितला. सौम्य करून सांगता आला असता, पण माझ्याने झालं नाही. तिच्या मागे बाळाचा आवाज आला, कुणीतरी त्याला उचललं असावं. मला वाटलं ही आता रडेल किंवा चिडेल, आणि दोन्हीला मी तयार होते.

"अशीच बोलनी?" सुनंदाने विचारलं.

"अशीच."

"दिवाळीफाईन मी तिना आवाज ऐकेल नही. ती बोलनी तसंच बोलीसन दखाडा ना."

मी म्हटलं. पहिल्यांदा ते पुणेरी सपाट निघालं. मला स्वतःलाच ते खोटं वाटलं. मग डोळे मिटले, हनुवटी वर केली आणि पोरीने 'आठे' वर जसा जोर दिला होता तसा देऊन म्हटलं : मायले सांगा, माप लेवानं व्हई ते आठे ये.

"आखो एक डाव बोला ना," सुनंदा म्हणाली.