हंसाच्या साबणाला सुटलेलं पाणी

समुद्रकाठच्या नवापूरची हंसा साबण करायला शिकली ती बोईसरच्या महिला मंडळात, १९८४ साली. नवरा पुंडलिक बोटीसकट समुद्रात गेला त्याला तेव्हा तीन वर्षं झाली होती. प्रेत मिळालं नव्हतं. घरात ती आणि सासू राहीबाई, दोघीच.

खोबरेल, कॉस्टिक सोडा, पाणी आणि वडी कडक व्हावी म्हणून मूठभर खडेमीठ. उन्हाळ्यात वड्या झकास झाल्या. आषाढ लागला आणि एका सकाळी पत्र्याच्या ट्रेमधल्या सगळ्या वड्यांवर घामासारखे थेंब उभे राहिले. हंसाने पुसले. दुपारी पुन्हा आले. राहीबाईने एक थेंब बोटावर घेऊन जिभेला लावला.

"खारा हाय," ती म्हणाली. मग अगदी हळू, "पुंडलिक येऊन गेला. वल्ल्या हातानं शिवला."

हंसाला हसू आलं नाही. तिलाही पाठीशी कोणीतरी ठिबकत उभं असल्यासारखं वाटू लागलं. साबणाच्या खोलीत शिरताना ती आधी खाकरायची. वड्या मऊ पडल्या, कागदाला चिकटल्या, गिऱ्हाइकं परत आणून देऊ लागली.

शेवटी ती सालवडला, मंडळातल्या ओळखीच्या जमुनाकडे गेली. जमुना डोंगरपट्टीतली, साबणाच्या एका लहान कारखान्यात वड्या कापायची. तिने वडी अंगठ्याने दाबून पाहिली.

"मीठ घालतेस?"

"मूठभर."

"ते हवेतलं पाणी ओढतं, बाय. साबण सोतापण ओढतो. आन तुमच्याकडं तर वाराच खारा."

"मंग ह्ये पाणी... हवेचंच?"

"दुसरं कुणाचं असंल?"

हंसाने वडी पुसून पुन्हा कागदात गुंडाळली.

जमुनाने सांगितलं तसं तिने केलं. मीठ बंद, पाणी कमी. ट्रे काढून चुलीवरच्या माळ्यावर बांबूच्या कामट्या अंतर ठेवून मांडल्या, त्यांवर वड्या ठेवल्या आणि समुद्राकडची खिडकी बंद केली. दिवसाआड वडी उलटायची आणि महिनाभर कागद लावायचा नाही.

श्रावण संपताना तिने माळ्यावर हात फिरवला. वड्या खडखडीत.

खालून राहीबाईने विचारलं, "कोरड्या?"

"हां, आई."

"मंग तो कुटं गेला?"

धंदा वाचला होता आणि हंसाला रडू येत होतं. त्या दिवशी म्हातारी जेवली नाही. "तू त्याची वाट बंद केलीस," एवढंच बोलली आणि दारात समुद्राकडे तोंड करून बसली. दुसऱ्या दिवशीही तसंच, पोटात फक्त पेजेचे चार घोट.

तिसऱ्या दिवशी हंसाने दोन वड्यांपुरता वेगळा घाणा केला. त्यात मीठ घातलं, जरा जास्तच. वड्या जुन्या ट्रेमध्ये खिडकीशी ठेवल्या आणि खिडकी उघडली. चार दिवसांनी राहीबाईने आत जाऊन वड्यांवरून हात फिरवला, ओला तळवा गालाला लावला आणि बाहेर येऊन म्हणाली, "भात वाढ."

पुढे दर पावसाळ्यात हंसा त्या दोन वड्या करी. बाकीच्या विकायला पालघरपर्यंत जात. राहीबाई १९९२ च्या उन्हाळ्यात वारली. आषाढात नणंद शकू घरी आली, तेव्हा हंसा घाण्यात मीठ टाकत होती.

"आता कुणासाटी, वैनी?" शकूने विचारलं.

हंसा ढवळत राहिली. "खिडकी उगड जरा," ती म्हणाली.