बुरुजातलं नाव

ब्याण्णव साली मी निघाले तेव्हा विमानतळावर आईने माझ्या संसाराबद्दल चकार शब्द काढला नाही. "मोहनला तिकडे बोलावून घे," एवढंच म्हणाली. मोहन माझा धाकटा भाऊ, इंजिनियर, नुकतंच लग्न झालेला. मी हुकूम पाळला. आखातात फुजैराला ह्यांचं ऑफिस जहाजांना इंधन पुरवणारं. वर्षभरात मोहन एका लहान टँकरवर लागला. सुट्टीच्या दिवशी माझ्याकडे जेवायचा आणि आमटीला नावं ठेवायचा.

दुसऱ्या हिवाळ्यात टँकर बुडाला. चौघे सापडलेच नाहीत, त्यांत तो.

किनाऱ्यावर लढायांच्या काळातला बुरूज आहे, समुद्राकडे बंदुकांसाठी खाचा ठेवलेला. बंदरातल्या खलाशांनी तो आतून चुन्याने रंगवला आणि समुद्रात गेलेल्यांची नावं भिंतीवर लिहिली. भर दुपारीही तिथे अंगावर काटा येतो. खाचांतून वारा आत येतो आणि मध्येच थांबतो.

महिन्याभरात बुरूज सांभाळणारा म्हातारा मलबारी सारंग, खलाशांचा जुना मुकादम, दारात आला. "मॅडम, बाकी तीन का नाम हो गया. आपका भाई?" मी होकारार्थी मान हलवली. रडून थकले होते. कुठेतरी त्याची जागा हवी होती. दोन दिवसांनी ठाण्याहून मोहनच्या बायकोचा फोन. "ताई, देह मिळालेला नाही. बारा वर्षं वाट बघायची असते. तोवर मी कुंकू पुसणार नाही." मी "बरं" म्हणाले. नाव तर लिहून झालं होतं.

आठ वर्षं तिच्यापासून लपवलं. सुट्टीत गेले की ती भरल्या कपाळाने माझी ओटी भरायची आणि मी खाली बघत ती घ्यायचे.

मग ती व्हिजिटवर आली. गाडीतून दिसलेला बुरूज बघायचाच म्हणाली. मी उन्हाची, ह्यांच्या ड्यूटीची कारणं सांगितली, ऐकेना. एकेका नावावरून बोट फिरवत ती मोहनपाशी थांबली. आता ही किंचाळणार, असं मला वाटलं.

"म्हणजे इतकी वर्षं तुम्ही एकट्याच सुतकात होतात?" तिने पदराने नावावरची धूळ पुसली. "राहू दे ते. पण ताई, तुम्ही इथून हलू नका. मोहन आला तर आधी तुमच्याच दारी येईल."

आता ह्यांची नोकरी संपत आलीय. मुलगी म्हणते, "मम्मा, लेट्स जस्ट गो बॅक." तिकडचे तुम्ही सगळेही फोनवर तेच विचारता, परत कधी येणार. खरं सांगते, मला ह्या समुद्राची भीती वाटते. तरी सामान बांधवत नाही. बेल वाजली आणि दार उघडायला मीच नसले तर? घर म्हणजे मला आता एवढंच कळतं.